उजवी बाजू

साहेबांनी फूटपट्टी खिशात घातली आणि विचारलं, "आणि ही बाजू?"

मोतीलालने घसा साफ केला. टेबलावर हातभर लांबीचं इंजिन उभं होतं, पत्र्याचं आणि पितळेचं. डावीकडून पाहिलं तर एकेक रिव्हेट जागच्या जागी होता. उजवीकडे नुसता सपाट पत्रा होता.

"आठवणीतून केलंय, साहेब. वडील अमळनेरच्या पुढच्या गेटवर होते. झोपडी रुळाच्या अलीकडे. पलीकडे जायची बंदी. त्यामुळे लहानपणी एकच बाजू दिसली."

"पण परतताना दुसरी दिसली असेल ना?"

मोतीलालला हे सुचलंच नव्हतं. "चहा झाला का बघतो," म्हणत तो आत गेला. कपबशी घेऊन आला तेव्हा त्याच्याकडे उत्तर होतं.

"इंजिन फिरवायची सोय नव्हती तेव्हा. परतताना ते उलटंच धावायचं. म्हणजे तीच बाजू, साहेब."

साहेब रेल्वेच्या नकाशाखात्यातले. असं उत्तर त्यांना फार आवडलं. "महिन्याभरात उजवी बाजू पुरी करा आणि माझ्याकडे घेऊन या," ते म्हणाले. "नमुने बनवायला माणूस हवाय. जागा तुमचीच समजा."

ते गेल्यावर मोतीलालने मागच्या खोलीची कडी काढली.

इंजिन ताईबाईने केलं होतं. ती त्याची मोठी बहीण. वडिलांनी गेटची नोकरी सोडली तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि मोतीलाल रांगत होता. लहानपण तिचं होतं. तो ते फक्त सांगायचा. चौदाव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परतली, त्याला आता सतरा वर्षं झाली. यावलहून दोनदा पाटासाठी विचारणा आली होती. त्यांच्या जातीत विधवेचा पाट लागत असे, कोणी नावं ठेवत नसे. मोतीलालने दोन्ही वेळा "ती तयार नाही" असं कळवलं. तिला विचारलं नव्हतं. तोवर गावात लोक त्याला इंजिनवाले मोतीलालभाऊ म्हणू लागले होते.

"अक्का, उजवी बाजू कर," तो म्हणाला.

"कशी करू? मी पाहिली कुठे?"

"अंदाजाने कर."

"तुझे साहेब पट्टी लावतात ना अंदाजाला?"

मोतीलाल स्वतः स्टेशनवर गेला. सकाळच्या गाडीला अजून तेच जुनं इंजिन लागायचं. त्याने पलीकडे जाऊन कागदावर काढून आणलं. ताईबाईने कागद सरळ धरला, मग उलटा धरला.

"हे इंजिन आहे की व्यायला आलेली म्हैस?"

"थट्टा नको, अक्का. पाइप इथून निघतो—"

"आणि जातो कुठे?"

"खाली कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे किती इंच?"

तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, तिसऱ्या दिवशीही. पाइप खालीच जात राहिला. त्याची बायको प्रमिलाबाई वैतागली. "एकदा तिलाच घेऊन जा ना! पळून का जाणार आहे या वयात?"

"लोक बघतील."

"लोक बघतील की भाऊ बहिणीला गाडी दाखवतोय. नोकरी हवी की नको?"

महिन्यातले बावीस दिवस संपले होते. मोतीलालने रात्रभर विचार केला आणि सकाळी कडी काढली.

ताईबाई पदर घट्ट ओढून त्याच्या मागून चालली. हातात वही, पेन्सिल आणि दोरी. स्टेशनवर पोचेपर्यंत तिने मान वर केली नाही. गाडी आली तेव्हा मात्र तिने डोळे मिटले आणि वाफेचा आवाज थांबेपर्यंत मिटलेलेच ठेवले.

"किती वेळ थांबते?"

"सात मिनिटं. पाणी भरतात."

"पुरे."

"मी येऊ का पलीकडे?"

"ये. म्हणजे सगळ्यांना कळेल की मापं मी घेते आणि दोरी तू धरतोस."

मोतीलाल फलाटावरच थांबला. ती इंजिनाच्या पुढून वळसा घालून पलीकडे गेली. मधल्या चाकांच्या फटीतून तिची पावलं दिसत होती. कधी पुढे जात, कधी थांबत. ती मोजतेय हे पाहून त्याला बरं वाटलं.

तेवढ्यात तोताराम व्यापारी भेटला. "काय इंजिनवाले, ऐकलं ते खरं? साहेब होणार म्हणे!"

"अजून आठ दिवस आहेत," मोतीलाल म्हणाला आणि सगळी हकिगत सांगू लागला. इंजिन फिरवायची सोय नव्हती, हेही सांगितलं. तोताराम ऐकून थक्क झाला.

शिट्टी झाली. गाडी हलली. एकेक डबा समोरून गेला, मग शेवटचा गेला. पलीकडच्या खडीवर ताईबाई नव्हती.

मोतीलाल रूळ ओलांडून धावला. खाली वाकून पाहिलं. रुळांवर काही नव्हतं, देवाची कृपा. पाण्याच्या टाकीपाशी उखर्डू सांधेवाला हिरवं निशाण गुंडाळत होता.

"बाई दिसली का रे इथे? वही हातात होती."

उखर्डूने निशाण काखेत धरलं.

"ती? ती ते इंजिनवर चढी गई, भाऊ. तो म्हातारा ड्रायव्हर तिले नाव लिसन हाक मारे. मी हात देवाले गऊ, ती म्हने, राहू दे बाबा, गेटथून ठेसनपावत रोज याच बाजूनी चढू मी, धाकली व्हतू तव्हय."