तंबूवरची चांदणी

कुवेतमध्ये थंडी पडली की नूराआजी सुट्टीला वाळवंटात तंबू ठोकायची, त्यामुळे तिच्या फिलिपिनो मोलकरणीचा, लूझचा, नाताळ दरवर्षी वाळूतच जायचा. यंदा लूझनं घरून आलेली दिव्याची चांदणी सर्वांत उंच खांबावर टांगली. "उतरव ती! उंच दिवा म्हणजे वाटसरूंना आवतण," आजी खेकसली. "आजची संध्याकाळ राहू द्या ना, आजी. मला सण एकटीनं काढवत नाही." तेवढ्यात शेजारच्या तंबूंतल्या तिच्यासारख्याच पाच-सहाजणी शेवयांची पातेली घेऊन, नाताळगीतं गात हजर! आता हकालपट्टीच! लूझला वाटलं. आजीनं कपाळावर हात मारला. "दिवा पाहून आलेला पाहुणा परतवला तर मेलेला नवरा उठून भांडेल!" म्हणत तिनं स्वतः कॉफी ओतली. सवयीनं लूझ पेले विसळायला उठली. "बस खाली, भवाने! दिवा तुझा, पाहुण्या तुझ्या. यजमानीण भांडी विसळते होय?"