जाम झालेलं दार

वडील वारल्यापासून बोरगावच्या परसात गंजत पडलेली त्यांची अँबॅसिडर भूपालनं पाडव्याला खरवडायला घेतली. बेळगावच्या जुन्या गाडीवाल्यांचा ग्रुप रोज हुरूप द्यायचा, म्हणून तो टिकला होता. आज ड्रायव्हरच्या बाजूचं जाम झालेलं दार एकदाचं उघडलं, तसा त्यानं लगेच व्हिडिओ टाकला.

"दार झकास निघालं, अण्णा. पण हॉर्न लईच खणखणीत," कुणीतरी लिहिलं.

भूपालनं व्हिडिओ पुन्हा लावला. हॉर्न दोनदा वाजला होता. गाडीला अजून बॅटरीच नव्हती, आणि हॉर्न त्याच्या पुढ्यात रॉकेलच्या डब्यात भिजत पडला होता.

तो घरात गेला. दिवस बुडायच्या आत जेवायचा घरचा नेम, म्हणून आईनं ताटं मांडली होती. दोघांच्या घरात तीन ताटं.

"हे कुणाचं, आई?"

"तुझ्या आप्पांचं." आईनं त्या ताटात भाकरी वाढली. "पाडव्यापास्नं रोज ह्या वक्ताला दोनदा हॉर्न मारत्यात, पण आत काय येत न्हाईत. आज तू दार सोडवलंस, तवा उतरता आलं बघ त्यास्नी."