बारशातलं डिस्को

“दिवस गेलेत ना, मग ते डिस्को ऐकू नकोस गं, पोर तसलंच निपजेल!” सासूबाईंचं बोलणं ऋजुताने हसण्यावारी नेलं. माळ्यावर सापडलेली, तिच्या जन्माआधीची ती कॅसेट घरात रोज वाजायची.

आज बारशाला बायकांनी पाळणा गायला घेतला आणि लेकीने टाहो फोडला. ऋजुताने तिचं पोट चाचपलं, लंगोट बदलला, अंग तापलंय का पाहिलं. पोर लालबुंद! आत्याने कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगायचं तरी कसं?

तोच सासूबाईंनी पदर खोचला. शब्द पाळण्याचेच, पण चाल थेट त्या डिस्कोची! पाठोपाठ कंबरही हलली. लेक रडं विसरून टकामका बघू लागली.

“आई, तुम्ही?”

“अगं, कॅसेट माझीच ती! कॉलेजच्या गॅदरिंगला याच गाण्यावर वन्समोअर घेतला होता.”

मग काय, सगळ्याच बायका ठेक्यावर डोलल्या, आत्याने नाव सांगितलं आणि ऋजुताचा जीव भांड्यात पडला. लेक आता तिच्या मांडीवर झोपलीय. ऋजुताला हलता येत नाही, तेवढं तुम्हीच जरा हॉलमध्ये डोकावा. आई अजून नाचतायत का? डॉक्टरांनी त्यांना जिनासुद्धा चढायला मनाई केलीय!