पिशवीतली गळती

"दाजी, आज फाटकी पिशवी सापडणारच!" मी अक्षरशः नाचत होतो.

कारखान्याची धूळ गाळणाऱ्या कापडी पिशव्यांपैकी एक गळत होती. म्हणून आम्ही पिशव्यांच्या पेटीत चमकणारी हिरवी पावडर सोडली, पंखा बंद केला आणि वरचं झाकण उघडून निळा दिवा लावला. गळती असेल तिथे हिरवं दिसणार.

दिसलं! एका पिशवीच्या तोंडाशी हिरवा डाग. मी टाळीच वाजवली.

डागाला पाच इवलीशी बोटं होती.

पुढे आणखी एक पंजा. मग आणखी एक, थेट माझ्या पायापर्यंत.

"तुझाच वेंधळेपणा," दाजी हसले.

मी दोन्ही हात दिव्याखाली धरले. स्वच्छ होते.

दाजींनी दिवा माझ्या पाठीवर वळवला आणि त्यांचं हसू मावळलं.

"घाबरू नकोस," ते पुटपुटले. "त्याला हळूच खाली उतरव."