राजदूतची पाठवणी

"दोरीचं नाव काढू नका," शैलाताई म्हणाल्या. "दोरीने ओढायची म्हणजे मागे हँडल धरून कुणीतरी बसायला हवं. कोण बसेल ते मला माहीत आहे."

शेजारचे भय्यासाहेब हसले. प्रभाकरराव मात्र अंगणात मोटारसायकलच्या टाकीवरून फडकं फिरवत राहिले, जणू बोलणं दुसऱ्याच घरात चाललं होतं.

उज्जैनच्या माधव नगरातलं घर विकून हे जोडपं नाशिकला मुलाकडे, निखिलकडे, कायमचं निघालं होतं. सामानाचा ट्रक कालच गेला. राहिली ही जुनी राजदूत. ट्रकवाले तिच्यावर कपाटं रचतील म्हणून प्रभाकररावांनी ती चढवू दिली नाही. रेल्वेच्या पार्सलने पाठवा म्हटलं, तर ती काय आंब्याची पेटी आहे का, असं विचारून ते मोकळे झाले. आपल्या कारच्या मागे, डोळ्यांसमोर न्यायची, नाहीतर आपण उज्जैन सोडणार नाही. हट्टाला औषध नसतं, आणि बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या हट्टाला तर मुळीच नसतं.

शैलाताईंनी त्या गाडीची धास्ती घेतली होती. वर्षभरात तिने काय काय रंग दाखवले होते. देवास गेटला बंद पडली म्हणून प्रभाकरराव तिला तिथेच टाकून रिक्षाने घरी आले. भय्यासाहेब आणायला गेले, तर पहिल्याच किकला सुरू. एकदा ब्रेक लागले नाहीत म्हणून ते स्वतःच्या फाटकासमोरून तसेच पुढे गेले आणि किती तरी वेळाने परतले. दिवाळीनंतर तर रोजच्या वळणावर वळलेच नाहीत, सरळ दुभाजकावर. हँडल अडकलं, म्हणाले. खांदा प्लास्टरमध्ये गेला. मेकॅनिकने गाडी उघडून पाहिली, त्याला काही सापडलं नाही. त्याला काय कळतंय, शैलाताई म्हणाल्या, गाडीच घातकी आहे.

प्लास्टर सुटलं त्याच दिवशी त्या नवऱ्याला महाकालाच्या देवळात घेऊन गेल्या आणि राजदूतवर पुन्हा बसणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. उज्जैनचा माणूस बायकोला दिलेला शब्द विसरेल, महाकालाला दिलेला नाही. प्रभाकररावांनीही शपथ पाळली. रोज पुसत, पण बसत नसत. तरी शैलाताईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. आपला डोळा चुकवून हे एक दिवस किक मारतील आणि परत येणार नाहीत, ही भीती त्यांच्या मानगुटीवर बसली होती.

दोरी बाद झाल्यावर भय्यासाहेबांनी दुसरा मार्ग सांगितला. कारच्या मागे लोखंडी कॅरिअर बसवायचं आणि त्यावर गाडी आडवी बांधायची. पण सगळं वजन मागे गेलं की कारची पुढची चाकं हलकी पडतात, हेही त्यांनीच सांगितलं. शैलाताईंनी तेही नको म्हटलं.

"मग ट्रॉलीच बेस्ट, वहिनी," भय्यासाहेब म्हणाले. "दोन चाकांची ट्रॉली, चारी तरफ पट्टे कसले की गाडी हिलणार पण नाही. फक्त उतारावर ट्रॉली पीछे से ढकलते न. तिथे एकदम ब्रेक मारायचा नाही, बस. गाडी आडवी होऊन जाते. म्हणाल तर एक ड्रायव्हर देतो सोबत."

प्रभाकररावांचं फडकं थांबलं. त्यांचा पडलेला चेहरा शैलाताईंनी पाहिला आणि त्यांना गलबलून आलं. एक गाडी तर आपण सोडायला लावली. आता कारची किल्लीही काढून घ्यायची?

"ड्रायव्हर नको," त्या म्हणाल्या. "कार हेच चालवतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. गल्लीतली माणसं फाटकाशी जमली होती. प्रभाकररावांनी भय्यासाहेबांना मिठी मारली आणि म्हणाले, "येतो रे शरद." शरद म्हणजे भय्यासाहेबांचे कैलासवासी थोरले बंधू. भय्यासाहेबांचे डोळे भरून आले. निरोपाच्या वेळी गेलेली माणसं आठवतातच.

इंदूर मागे पडलं. शैलाताई सीटवर तिरप्या बसून मागच्या काचेतून राजदूतकडे बघत होत्या. मान अवघडली तरी त्यांनी नजर हलवली नाही. खड्डा आला की त्या पट्टे न्याहाळत. वाटेत चहाला थांबले, तेव्हा त्यांनी चारही पट्टे स्वतः ओढून पाहिले. प्रभाकरराव कमी बोलत होते. राजदूतवरून रुसले असतील, असं शैलाताई धरून चालल्या.

सेंधव्याच्या पुढे बिजासनचा घाट लागला. उतार सुरू झाला तशी ट्रॉली मागून ढुशा देऊ लागली. एका वळणावर राजदूत डावीकडे कलली. शैलाताईंनी महाकालाचा धावा सुरू केला. मागून ट्रकची रांग उतरत होती, एका बाजूला दरी होती. पट्टा ताणला, गाडी पुन्हा सरळ झाली. आणखी एक वळण गेलं, त्याच्या पुढचंही. पट्टे पक्के होते.

मग त्यांना स्वतःचंच हसू आलं. कशाला एवढं भ्यायचं? वैरीण मागे करकचून बांधलेली, नवरा हाताशी, सुखरूप. वर्षभरात पहिल्यांदा त्यांची छाती मोकळी झाली. त्या सावरून पुढे वळल्या.

"अहो, जागची हलली नाही बघा," त्या म्हणाल्या. "आता मी निर्धास्त झाले."

प्रभाकररावांनी रस्त्यावरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. खाली अर्धा घाट अजून बाकी होता आणि कारचा वेग वाढत होता.

"बहनजी," त्यांनी फार अदबीने विचारलं, "आपको जाना कहाँ है?"