पाकटं घाबरेनात

सुलोचना गिरकर सकाळपासून खाडीच्या चिखलात वाकून तिसऱ्या शिंपल्या शोधत होती. टोपलीचा तळही झाकला नव्हता. सगळ्या तिसऱ्या पाकट माशांनी फस्त केल्या होत्या, आणि पाकटांना खाणारे शार्क समुद्रात उरलेच नव्हते.

म्हणून आज मासळी निर्यात करणाऱ्या कंपनीचा इंजिनियर यंत्राचा शार्क घेऊन आला होता. हुबेहूब मोरीच, म्हणजे इथला खरा शार्क, तसाच करडा रंग, तसेच दात.

"आता बघा मावशी, पाकटं कशी पळतात ती!" म्हणत त्याने तो पाण्यात सोडला.

एकही पाकट हललं नाही. एक तर त्या यंत्राच्या पाठीवरून आरामात सरकत गेलं.

"घाबरत का नाहीत?" इंजिनियर पुटपुटला.

"घाबरतली कशी?" सुलोचना कडाडली. "त्यांच्या आजयेनसुद्धा मोरी बघूक नाय! माझ्या बापाशीन जित्या मोरीचे पर कापल्यान आणि धड परत दर्यात ढकलल्यान. ते पर तुमच्याच कंपनीन इकत घेतल्यान. मी होडयेत बसान बघी होतंय!"

"आपण यंत्राचा आकार वाढवू, मावशी."

ती चिखल तुडवत निघाली. कंपनीइतकाच तिला बापाचाही संताप आला होता, आणि मेलेल्या माणसावर ओरडताही येत नव्हतं.