जागेअभावी

सकाळच्या शांततेत दाराखालून पेपर सर्रकन आत आला, तशी शर्वाणी ओल्या हातांनीच धावली. ‘आजचं नवल’ हे सदर ती तीन वर्षं बिननावाचं लिहीत होती, लेक झोपली की ओट्यापाशी उभ्यानंच. आजपासून खाली नाव छापायचं कबूल झालं होतं.

ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, ही तिची बातमी छापून आली होती. खाली ठळक अक्षरांत नाव होतं, ‘उमेश ठोसर’.

तिनं फोन लावला. उपसंपादक जांभई देत म्हणाला, “मॅडम, ‘शर्वाणी उमेश ठोसर’ एका ओळीत बसेना. जागेअभावी पहिलं गाळलं. मिस्टरांचंच तर नाव आहे!”

तोवर मिस्टरांचा मोबाइल खणखणू लागला होता. “थँक्यू, थँक्यू! काही नाही हो, सुचतं असंच,” गालावरचा फेस सांभाळत उमेश हसला. तिची नजर दिसली तसा हात मोबाइलवर धरून कुजबुजला, “आता कुणाकुणाला समजावत बसू?”

नुकतीच अक्षरं जुळवायला शिकलेली मनवा पेपरावर बोट फिरवत होती. “उ... मे... श. आई, मी झोपायचं सोंग घेऊन रोज बघायचे, तूच लिहायचीस. मग बाबांनी कधी लिहिलं?”